कुणाला सांगू नका

प्रमोदिनी चौसाळकरची थोरली बहीण अंबाजोगाईला सातव्या बाळंतपणात वारली. दहाव्या दिवशी भावजी म्हणाले, "देवाची मर्जी." त्या दोन शब्दांचा राग प्रमोदिनीच्या मनातून पुढं कधी गेला नाही.

म्हणून १९६६ साली औरंगाबादच्या महिला मंडळात कुणीतरी विचारलं, की कुटुंब नियोजनाचं सांगायला खेड्यात कोण जाईल, तेव्हा सगळ्या जणी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि प्रमोदिनीनं हात वर केला. ती अडतीस वर्षांची होती. दोन्ही मुलगे मोठे झाले होते. नवरा सदाशिव कचेरीत होता.

"परक्या बायकांशी असलं बोलणार तू?" त्यानं विचारलं.

"असलं म्हणजे कसलं?"

सदाशिवनं वर्तमानपत्र उघडलं. "दिवेलागणीच्या आत घरी ये म्हणजे झालं," तो म्हणाला.

तिच्या वाट्याला हर्सूल आलं. दर मंगळवारी शहागंजातून टांगा करायचा, दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडायचं, जेलची लांबलचक भिंत ओलांडून गावात उतरायचं. पिशवीत चित्रांचा तक्ता आणि दाखवण्यापुरता एक लूप, मूल राहू नये म्हणून बाईच्या गर्भाशयात बसवायचा. पांढऱ्या प्लॅस्टिकचा, नागमोडी, करंगळीएवढा. पहिले दोन महिने बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एका घरातल्या म्हातारीनं तिच्यावर कुत्रं सोडलं. मग हळूहळू कुणी ओट्यावर बसायला पोतं टाकू लागली. कुणी आडोशाला ओढून विचारू लागली, पांढरं जातं, काय करू? बाळंतपणानंतर अंग बाहेर येतं, ते आत जाईल का? स्वतःच्या नवऱ्यासमोर जे शब्द तिनं कधी उच्चारले नव्हते, ते प्रमोदिनी आता भर दुपारी मोठ्यानं बोलत होती. पहिल्यांदा बोलताना कान तापायचे. पुढं तेही थांबलं.

लूप बसवायचं शिबिर जवळ आलं, तसं शिबिराच्या अधिकाऱ्यांनी प्रमोदिनीसारख्या खेड्यात जाणाऱ्या सगळ्या बायकांना बोलावून घेतलं. "सुरुवातीला काहींना जास्त रक्त जातं," ते म्हणाले, "पण गावात ते फार घोळवत बसू नका. घाबरतात आणि येतच नाहीत. काही होत नाही, असं सांगा."

प्रमोदिनीला ते पटलं. तिनं पाहिलं होतं ना, रक्ताचं नाव काढलं की बाई उठून जाते. बहिणीचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर होता. एवढ्याशा भीतीपायी बायका मराव्यात, हे तिला नको होतं. तिनं तक्त्यावरची रक्ताची ओळ वाचायची सोडून दिली.

सारजाबाईची आणि तिची ओळख तलावाखालच्या मळ्यात झाली. सारजा अठ्ठावीस वर्षांची. सात बाळंतपणं, त्यातली पाच लेकरं जगलेली, धाकटी मुलगी अजून अंगावर पीत होती. नवरा पुंजाराम बागाईतदार, कष्टाळू, कमी बोलणारा. सासू दगडाबाई घरावर करडी नजर ठेवून असायची. सारजा मुळे उपटत होती आणि प्रमोदिनी बांधावर बसून बोलत होती. सारजानं सगळं निमूट ऐकलं, लूप हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"दुखतं का?"

"नाही. बसवताना जरासं."

"मागून काय होतं का?"

"काही होत नाही."

"आन् नको वाटला तर?"

"काढता येतो. पाच मिनिटांचं काम आहे."

सारजानं मुळ्यांची जुडी बांधली. "बाई, आता एक जरी झालं ना, तर म्या उठायची नाय. मला आतून कळतंय. पण ह्यांना सांगितलं तर नाय म्हणतील. सासूला सांगितलं तर ती ह्यांना सांगंल. माझं मीच यीन. तुमी कुणाला सांगू नका."

"नाही सांगणार."

"तसं नाय." सारजानं झोळीतल्या मुलीला उचलून आणलं. "हिच्या डोक्यावर हात ठिवा."

प्रमोदिनीनं मुलीच्या मऊ टाळूवर हात ठेवला. ती असल्या गोष्टी मानत नव्हती, तरी तिनं हात लगेच काढून घेतला नाही.

शिबिर पौषात, गावच्या शाळेत झालं. प्रमोदिनीच्या सांगण्यावरून हर्सुलातल्या तेवीस बायका आल्या. सारजा भाजीची पाटी डोक्यावर घेऊन, बाजाराला निघाल्यासारखी आली आणि अर्ध्या तासात गेली. जाताना ती प्रमोदिनीकडे पाहून हसली. तिला हसताना प्रमोदिनीनं पहिल्यांदाच पाहिलं. अधिकाऱ्यांनी संध्याकाळी सगळ्यांसमोर प्रमोदिनीचं नाव घेऊन कौतुक केलं.

त्यानंतर तीन मंगळवार प्रमोदिनी गेली नाही. धाकट्या मुलाला कांजिण्या झाल्या होत्या. चौथ्या मंगळवारी ती मळ्यात गेली, तर मुळे दगडाबाई उपटत होती.

"सारजा कुठंय?"

"बसलीय बाहेर," दगडाबाई वर न बघता म्हणाली. "बारा दिस झालं. कावळा शिवलाय तो उठंचना."

सारजा गोठ्याच्या पडवीत, कडब्याच्या पेंढ्यांना टेकून बसली होती. शेजारी वेगळा तांब्या, वेगळी ताटली. त्या घरात पाळी चालू असेपर्यंत बाईनं चुलीला, पाण्याला, देवाला शिवायचं नाही. चार दिवसांचं कुणाला काही वाटत नाही. बारा दिवस म्हटल्यावर घराचं सगळंच खोळंबलं होतं. लहान मुलगी उंबऱ्यात रडत होती, तिला मोठी बहीण धरून उभी होती.

दगडाबाई लांब आहे असं पाहून सारजा कुजबुजली, "बाई, थांबंना झालंय. लुगडी भिजत्यात. हे त्याच्यामुळंच ना?"

प्रमोदिनीला खोटं बोलवेना. "त्याच्यामुळंच असेल."

"तुमी तर म्हणला काय होत नाय."

"चुकलं माझं. चल, काढून आणू आपण. आजच."

"आता कुठं जाऊ? ह्या हालात मला येशीबाहेर कोण सोडंल? इचारतील ना कुठं, कशाला. थांबंल आपोआप. तुमी दवा आणून द्या."

प्रमोदिनी तशीच टांग्यात बसून शिबिराच्या कार्यालयात गेली. पथक फर्दापूरकडे गेलं होतं. ते कधी परतणार, कुणालाच माहीत नव्हतं. अधिकारी घाईत होते. "होतं असं दोन-तीन महिने," त्यांनी सांगितलं. "लोहाच्या गोळ्या द्या. आणि बाई, एका केसचा बोभाटा करू नका. पुढचं शिबिर तोंडावर आलंय."

तिनं गोळ्या नेऊन दिल्या. सारजानं त्या कडब्यात लपवल्या.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली तेव्हा पडवीत धूर होता. दगडाबाईनं देवरशी आणला होता. त्याचं म्हणणं पडलं, की मेलेल्या दोन लेकरांपैकी एकाचं काहीतरी राहिलंय, ते आईला सोडत नाही. सारजानं मीठ खायचं नाही, दिवसातून एकदाच खायचं, आणि तेही मूठभर भात. पाच दिवस असे काढले होते. सारजाचे ओठ आणि नखं एकाच रंगाची झाली होती. प्रमोदिनीनं तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक.

"मी सांगते सासूबाईंना," प्रमोदिनी म्हणाली.

सारजानं तिचं मनगट पकडलं. हातात जोर नव्हता, तरी सोडवेना. "लेकीच्या डोक्यावर हात ठिवलाय तुमी."

"सारजा, तू मरशील."

"मेले तर बाळंतपणातबी मरणारच हुते. पण जगले आन् ह्यांनी घराभायेर काढलं, तर लेकरं कुणाच्या दारात जातील? सांगू नका. गळ्याची आन हाय."

प्रमोदिनी परतली. टांग्यात तिला हुंदका आवरला नाही. टांगेवाल्यानं मागं वळून पाहिलं आणि घोडा हळू केला.

ती घरी न जाता औरंगपुऱ्यात डॉक्टर मीनाक्षी धारूरकरांकडे गेली. मीनाक्षीबाईंचं तिथं सहा खाटांचं सूतिकागृह होतं. फटकळ बाई, पण हाताला गुण होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती दिवस झाले?"

"वीस."

"आणि तुम्ही गोळ्या देताय!"

मीनाक्षीबाईंनी टेबलावरचे कागद बाजूला सारले.

"तिला इथं आणा. काढायला पाच मिनिटं लागतील. पण रक्त फार गेलंय, पुढं चार-सहा दिवस ठेवून घ्यावी लागेल. घरच्यांना न सांगता ते कसं होणार? प्रमोदिनीबाई, शब्द तुम्ही दिलाय. तो मोडायचा का, ते तुम्हीच ठरवायचं. मी एवढंच सांगते, की आणखी आठ दिवसांनी आणलीत तर मला हात लावता येणार नाही."

त्या संध्याकाळी प्रमोदिनीनं सदाशिवला विचारलं. तो म्हणाला, "मला वाटतं सांगावं. पण तिची लेकरं आणि तिचं घर, त्यातलं आपलं काहीच जात नाही. म्हणून आपल्याला सांगणं सोपं आहे."

ते खरं होतं. ते डोक्यात घेऊनच ती सकाळी हर्सूलला गेली.

दगडाबाई पाटाच्या पाण्यात मेथी धूत होती. प्रमोदिनी समोर उकिडवी बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. शिबिर, लूप, रक्त. काही होत नाही असं आपण सांगितलं होतं, तेही. एकही गोष्ट गाळली नाही. दगडाबाईच्या हातातली जुडी पाण्यात सुटली आणि वाहत जाऊन बांधाला अडकली.

"म्हंजे मढ्याचं काय नाय?" तिनं विचारलं.

"नाही."

"आन् म्या तिला उपाशी ठिवली."

प्रमोदिनीनं बांधाला अडकलेली जुडी उचलून तिच्यापुढं ठेवली.

"मला अकरा झाली, बाई. धाकटा रझाकाराच्या साली. आमी सगळी तुरीच्या वावरात लपलो हुतो, तिथं झाला. चार दिस जगला. तवा कुणी असलं काय सांगाया आलं असतं, तर म्या काय नाय म्हणले असते?" तिनं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहत राहिले. "पोरीला माझं भ्या वाटलं. माझं."

ती उठली. चिखलाचे हात लुगड्याला पुसून म्हणाली, "पुंजारामला यातलं काय सांगायचं नाय. म्या बघते."

तिनं लेकाला सांगितलं, देवरशाच्यानं होत नाही, शहरातल्या डॉक्टरणीकडे नेऊ. पुंजारामनं एका शब्दानं विचारलं नाही. त्यानं गाडी जुंपली, कडबा पसरला, वर गोधडी टाकली आणि बायकोला दोन्ही हातांवर उचलून आणून गाडीत ठेवलं. प्रमोदिनी आणि दगडाबाई दोन बाजूंना बसल्या. सासूचा चेहरा पाहून सारजाला कळलं. तिनं प्रमोदिनीकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. दिल्ली दरवाज्याखालून गाडी जाताना तिची शुद्ध हरपली.

लूप निघाला. सलाईन लागलं. दुपारपर्यंत नाडी हाताला लागू लागली, तशा मीनाक्षीबाई घाम पुसत बाहेर आल्या आणि चहा मागवून आत गेल्या. व्हरांड्यात पुंजाराम भिंतीशी उभा होता. तेवढ्यात नर्स कागद घेऊन आली.

"सारजाबाईंचे मालक तुम्हीच ना? लूप कधी बसवला होता, तारीख सांगा."

"काय बसवला?"

"लूप. मूल राहू नये म्हणून बसवतात तो. तोच काढला ना आता."

नर्सचा काही दोष नव्हता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दगडाबाई पुढं झाली, "पुंजा, ऐक..." पण त्यानं आईकडे पाहिलंच नाही. तो प्रमोदिनीकडे बघत होता.

"तुमाला ठाव हुतं?"

"हो."

"आईला?"

"आज सकाळी सांगितलं मी."

त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं, हातात घेतलं, पुन्हा बांधलं. प्रमोदिनीला वाटलं, हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुमी इचारलं असतं तर म्या नाय म्हणलो असतो," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. नायच म्हणलो असतो. पण बाई, वीस दिस माझ्या गोठ्यात ती मरत हुती. म्या रोज तिला इचारायचो, काय हुतंय. ती मेली असती तर कशानं मेली हे मला जलमभर कळलं नसतं. तुमच्या घरात करत्यात का असं?"

कागदावरची, शिबिरातली, मंडळातली सगळी वाक्यं प्रमोदिनीला पाठ होती. त्यातलं एकही तिथं बोलण्यासारखं नव्हतं.

"चुकलं," ती म्हणाली.

"आमच्या दारात पुन्हा येऊ नका." तो बाहेर गेला आणि बैलांजवळ जाऊन बसला. सारजा दवाखान्यात होती ते सहाही दिवस तो तिथंच राहिला. वैरण-पाणी करायचा, आत कधी आला नाही.

तिसऱ्या दिवशी सारजा उठून बसली. प्रमोदिनी घरून मऊ भात आणि दूध घेऊन गेली होती. सारजानं ते घेतलं नाही.

"ह्यांनी मला काय म्हणलं नाय," ती म्हणाली. "आतच येत नायत. मारलं असतं तर चाललं असतं."

"सारजा, मला दुसरा रस्ता दिसला नाही."

"व्हय. जीव वाचवला तुमी. डॉक्टरीणबाईबी म्हणल्या." ती भिंतीकडे वळली. "पण तुमी मला दोनदा फसवलं. आधी म्हणला काय होत नाय. मग म्हणला कुणाला सांगणार नाय. आता तुमी कायबी म्हणला तरी म्या कसं खरं मानू?"

पुंजारामनं तिला घराबाहेर काढलं नाही. ती भीती खोटी ठरली. पण वर्षभर तो तिच्याशी कामापुरतंच बोलला, हे प्रमोदिनीला पुढं दगडाबाईकडून कळलं.

प्रमोदिनी आठ दिवस घराबाहेर पडली नाही. मग तिनं शिबिराची हर्सूलची यादी काढली. सारजा धरून तेवीस नावं. राहिलेल्या बावीस जणींच्या घरी ती एकेक करून गेली. आत बोलावून विचारलं, आणि विचारताना आधी स्वतःची चूक सांगितली. सोळा जणी ठीक होत्या. एकीचा लूप आपोआप पडून गेला होता आणि तिला ते कळलंच नव्हतं. एकीनं दारच उघडलं नाही. साळूबाई नावाची एक आणि आणखी तीन जणी रक्तानं हैराण होत्या आणि चौघीही गप्प बसल्या होत्या. साळूबाईनं तर, आपणच काहीतरी पाप केलं असेल, असं धरून सोमवारचे उपास सुरू केले होते. त्या चौघींना प्रमोदिनी मीनाक्षीबाईंकडे घेऊन गेली. दोघींचे नवरे सोबत आले. एकीच्या नवऱ्यानं तिला तिथंच व्हरांड्यात थोबाडीत मारली. मीनाक्षीबाईंनी त्याला दाराबाहेर घालवला, पण बाईला परत त्याच्याबरोबरच जायचं होतं.

पुढच्या शिबिराआधी प्रमोदिनीनं गावात बसून तक्त्यावरची सोडलेली ओळही वाचली. रक्त जाऊ शकतं. कंबर दुखू शकते. दहा दिवसांच्या वर गेलं तर यायचं, मी घेऊन जाईन. घरात एका तरी माणसाला सांगून या. त्या वेळी सहाच बायका आल्या. अधिकारी तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही प्रचार करताय की बंदी घालताय?"

"खरं सांगतेय."

"मग ते घरी बसून सांगा."

पुढच्या बैठकीचं बोलावणं तिला आलं नाही. ती मंगळवारी आपली आपण जात राहिली. आता पिशवीत मीनाक्षीबाईंच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या असायच्या; ती दाखवली की बाईला तिथं लगेच तपासून घेत. गावात काही घरं तिच्यासाठी उघडी होती, काही बंद. पुंजारामच्या घरावरून जाताना ती मान खाली घालायची.

वर्षभरानं शहागंजच्या बाजारात तिला सारजा दिसली. भाजीची पाटी पुढं घेऊन बसलेली, सातवा महिना असावा. चेहऱ्यावर सूज होती. प्रमोदिनी थांबली. सारजानं मान वर केली आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "काय देऊ?"

"मेथी दे. पाय सुजलेत का गं?"

"सुजत्यात."

"मीनाक्षीबाईंना दाखवलंस?"

"सासू नेतीय पुढल्या हप्त्यात. बाळंतपणबी तिथंच करायचं म्हणतीय." सारजानं मेथीची जुडी तिच्या पिशवीत घातली.

"मी येऊ त्या वेळी?"

"नका येऊ, बाई. तुमाला बघितलं की मला ती पडवी आठवती."

प्रमोदिनी गेली नाही. ज्येष्ठात मीनाक्षीबाईंनी निरोप पाठवून तिला बोलावून घेतलं. सारजाला मुलगा झाला होता. बाळंतपण अवघड गेलं, तीन बाटल्या रक्त द्यावं लागलं, त्यातली एक पुंजारामची होती. दोघं जगली. दोन दिवसांपूर्वीच त्यांना घरी सोडलं होतं.

"मी तिला स्पष्ट सांगितलं," मीनाक्षीबाई म्हणाल्या, "यापुढचं झेपणार नाही. लूप नको असेल तर ऑपरेशन करून टाकू, इथंच आहेस तोवर. सगळं समजावून सांगितलं, दुखण्यापासून टाक्यापर्यंत."

"काय म्हणाली?"

"ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, 'ह्यांना इचारा.'"

मळ्यातली सारजा प्रमोदिनीला आठवली, लूप उलटासुलटा करून बघणारी. माझं मीच यीन, म्हणाली होती.

"मग विचारलंत त्यांना?"

"विचारलं. बाळाला घेऊन उभा होता. आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. 'बघू' म्हणाला." मीनाक्षीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दगडाबाई मात्र जाताना माझ्या कानाशी आली. म्हणाली, दिवाळीपतोर म्या त्याला तयार करते, तुमी नाव लिहून ठिवा."

"लिहिलंत?"

"लिहिलंय. पण दिवाळीला अजून पाच महिने आहेत."

बाहेरच्या बाकावर बायका नंबर लावून बसल्या होत्या. नर्सनं पुढचं नाव पुकारलं. प्रमोदिनी उठली. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता आणि तिच्याजवळच्या चिठ्ठ्या संपल्या होत्या. तिनं मीनाक्षीबाईंकडून नव्या मागून घेतल्या.